वायरीतला कापूस

तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्यात भजनाला बसलं, की काही वेळा पखवाजाच्या आधी स्पीकरच बोलायला लागतो: ‘घूंऽऽ’. घरातल्या 50 हर्ट्झ विजेचा हा आवाज. माइकमधून निघतात जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट, आणि शेजारून 230 व्होल्टची वायर गेलेली असते. एवढ्या नाजूक आवाजाची राखण करणारी केबल घरी उत्तम बनते. प्रत्येक थराचं काम मात्र ठाऊक हवं.

घूं घालवतो तो मुख्यतः पीळ. आतल्या दोन तारा घट्ट पिळल्या, की बाहेरचं चुंबकीय क्षेत्र दोघींत सारखंच शिरतं आणि दोन तारांमधला फरकच घेणाऱ्या मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला वजा होतं. तारांभोवतीच्या तांब्याच्या जाळीला हे जमत नाही. 50 हर्ट्झचं क्षेत्र तांब्यात मंदावायला 9 मिलिमीटर जाडी लागते. जाळी अडवते विद्युत क्षेत्र आणि रेडिओच्या लहरी. खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्याही जाळीच्याच आहेत. छिद्रं 10 ते 20 मिलिमीटरची, लहरी मात्र त्याहून कितीतरी लांब, म्हणून त्या आरपार जात नाहीत. अ‍ॅल्युमिनियम फॉइल सगळं झाकते, पण सारखी वाकवली की चिरते. ती कायम बसवलेल्या वायरीला ठीक. हातातल्या माइकला जाळीच.

आता कापूस. केबलवर पाय पडला की स्पीकरमध्ये ‘टक्’ होतं, कारण प्लास्टिक आणि जाळी एकमेकांवर घासून स्थिर वीज तयार होते. कारखान्यात यासाठी कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकचा थर देतात. घरी तारांमधल्या पोकळीत सुती दोरा भरावा, म्हणजे तारा जागच्या हलत नाहीत. तंबोऱ्याची जवारी खुलवणारा दोरा इथे खडखड मिटवतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण सूत ओल धरतं आणि वेल्ह्यात पाऊस मुसळधार. टोकांवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी बसवायलाच हवी, नाहीतर तांबं हिरवं पडतं.

माइकच्या एक्सएलआर केबलमध्ये जाळी दोन्ही टोकांना पिन 1ला डाग देऊन जोडावी. चांदीच्या तारेवर आणि सोन्याच्या मुलाम्यावर पैसे घालू नयेत. घूं त्यानं जात नाही.

केबल तयार झाली की अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवा, ती हलवा, पायाखाली दाबा, विजेच्या वायरीला समांतर ठेवून ऐका. स्पीकर गप्प राहिला, तरच ती भजनाला मेंगाईदेवीच्या देवळात न्या.