जाणती शेजारीण : इंग्लंडच्या खेड्यापासून बेलवलीपर्यंत

इंग्रजी रहस्यकथेत खेड्यातील खुनाचा छडा लावणाऱ्या वृद्ध, अविवाहित आणि दिसायला निरुपद्रवी अशा हौशी शोधकाला मिस जेन मार्पल या पात्राने कायमचे रूप दिले. अगाथा ख्रिस्ती यांनी हे पात्र डिसेंबर १९२७ मध्ये एका मासिकातील कथेत प्रथम आणले आणि १९३० मध्ये आलेल्या ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ या कादंबरीपासून सेंट मेरी मीड हे काल्पनिक खेडे तिचे कायमचे घर झाले. पहिल्या कथेत काही मंडळी तिच्याच घरी जमून न उलगडलेली प्रकरणे एकमेकांना सांगण्याचा बेत करतात. त्यांत स्कॉटलंड यार्डाचे निवृत्त प्रमुखही असतात, मात्र कोपऱ्यात विणत बसलेल्या यजमानीणबाईंना या खेळात धरायचे असते याचे भान प्रारंभी कोणालाच राहत नाही. पुढे बारा कादंबऱ्या आणि वीस कथांमध्ये हीच घटना निरनिराळ्या रूपांत घडत राहते : जिच्याकडे कोणाचे लक्ष नसते, तिचे मात्र सर्वांकडे लक्ष असते.

या बाईंची तपासपद्धती शेरलॉक होम्सच्या पद्धतीहून मुळातच निराळी आहे. होम्स राख, चिखल आणि पाऊलखुणा यांवरून, म्हणजे वस्तूंवरून, माणसापर्यंत पोहोचतो, तर मिस मार्पल माणसावरून माणसापर्यंत पोहोचतात. समोरच्या संशयिताची वागणूक त्यांना गावातील एखाद्या दुकानदाराची, मोलकरणीची किंवा धर्मोपदेशकाच्या मदतनिसाची आठवण करून देते आणि त्या जुन्या, क्षुल्लक लबाडीच्या आधारे त्या नव्या, भयंकर लबाडीचा अंदाज बांधतात. तर्कशास्त्राच्या भाषेत हे सादृश्यावर आधारलेले अनुमान होय, म्हणजे दोन गोष्टी काही बाबतींत सारख्या आहेत म्हणून त्या आणखी एका बाबतीतही सारख्या असतील असे मानणे. या अनुमानाची ताकद उदाहरणांच्या साठ्यावर अवलंबून असते आणि तसा साठा एकाच गावात साठ-सत्तर वर्षे डोळे उघडे ठेवून राहिलेल्या माणसाकडेच जमू शकतो, त्यामुळे मिस मार्पल यांचे वार्धक्य हीच त्यांच्या तपासाची सामग्री ठरते. त्या सामग्रीत भर घालणाऱ्या प्रामुख्याने घरकाम करणाऱ्या मुली असतात. अनाथाश्रमातून आलेल्या मुलींना मिस मार्पल कामाचे वळण लावतात आणि त्या मुली पुढे घरोघरी कामाला जातात. १९५३ च्या ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ मध्ये अशाच एका मुलीचा खून होतो, तेव्हा त्या संतापून स्वतः त्या घरी जाऊन उभ्या राहतात. या मालिकेतील सर्वांत खरी भावना कदाचित हीच असावी, कारण त्या मुलीसाठी दुसरे कोणीही इतक्या तळमळीने दार ठोठावले नसते.

ही पद्धत कोणत्या परिस्थितीत निरुपयोगी होईल, हे ख्रिस्ती यांनी स्वतःच दाखवून दिले आहे. १९५० च्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ या कादंबरीत युद्धानंतरचे खेडे येते. पूर्वी गावात येणारा प्रत्येक माणूस कोणाच्या तरी ओळखीचे पत्र घेऊन येई, आता मात्र लोक येतात, घर घेतात आणि आपल्याविषयी जे सांगतात तेवढेच शेजाऱ्यांना ठाऊक असते, अशी मिस मार्पल यांची तक्रार आहे. ओळख पटवण्यासाठी उरते ते सरकारी ओळखपत्र आणि शिधापत्रिका. १९६२ च्या ‘द मिरर क्रॅक्ड’ मध्ये तर सेंट मेरी मीडच्या शेजारच्या शेतांत नवी घरबांधणी वसाहत उभी राहिली आहे आणि म्हातारी मिस मार्पल तेथे एकटीच फिरायला निघते. नव्या घरांतील माणसेही जुन्यांसारखीच आहेत असा तिला तेथे दिलासा मिळतो, परंतु या दिलाशाची पारख कथेत पुरेशी होत नाही आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

कथेबाहेरच्या इंग्लंडमधील चित्र अधिक कठोर होते. १८६० मध्ये विल्टशायरमधील रोड या गावी एका सुखवस्तू घरातील लहान मुलाचा खून झाला. स्थानिक पोलिसांना काही उलगडेना, म्हणून लंडनहून जोनाथन विचर हा अनुभवी गुप्त पोलीस पाठवण्यात आला आणि त्याने घरातील सोळा वर्षांच्या कॉन्स्टन्स केंट या मुलीवर संशय घेतला. एका सामान्य कुळातील पोलिसाने प्रतिष्ठित घराच्या कपाटांत डोकवावे याचाच समाजाला राग आला, आरोप टिकला नाही आणि विचरची कारकीर्द काळवंडली, तथापि १८६५ मध्ये कॉन्स्टन्सनेच कबुली दिली. बाहेरच्या माणसाकडे कौशल्य होते, परंतु त्या घरात शिरण्याचा नैतिक अधिकार समाजाने त्याला दिला नव्हता. नंतरच्या कथाकारांनी बाहेरच्या पोलिसाऐवजी गावातल्याच, चहाला हक्काने बोलावल्या जाणाऱ्या बाईच्या हाती तपास दिला, तेव्हा ही जुनी अडचण कल्पनेत तरी दूर झाली.

महाराष्ट्रातील खेड्याकडे वळल्यास एक विलक्षण गोष्ट आढळते. इंग्रजी कथेत म्हातारी बाई स्वतःच्या हौसेने जे करते, तेच येथे वतनी काम होते, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेली आणि गावाकडून मोबदला मिळणारी जबाबदारी होती. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराची कर्तव्ये सांगितली आहेत. गावात कोण आले आणि कोण गेले यावर त्याने नजर ठेवावी, परक्याची खबर पाटलाला द्यावी, गावातील प्रत्येक माणसाची चालचलणूक त्याला ठाऊक असावी आणि चोरी झाल्यास त्याने चोराचा माग काढावा, असा त्यांचा आशय आहे. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत, म्हणजे हद्दीपर्यंत पोहोचला की तो त्या गावच्या राखणदाराच्या स्वाधीन होई आणि जबाबदारीही त्याच्याबरोबर पुढे सरके. हे काम कोठे रामोशी, कोठे भिल्ल, तर कोठे वेशीवर बसणारा महार वेसकर करी, आणि गावांच्या शिवेच्या तंट्यांत महारांची साक्ष विशेष मोलाची मानली जाई. कोकणपट्टीत, कल्याणच्या बाजूला, बलुत्याची घडी देशावरच्या इतकी घट्ट नव्हती, परंतु वेशीवरच्या नजरेची कल्पना तेथेही परकी नव्हती.

सेंट मेरी मीडची म्हातारी आणि मराठी गावाचा वेसकर यांच्यात एक खोल साम्य आहे. दोघांकडे गावाची सर्वांत सूक्ष्म माहिती आहे आणि दोघांनाही गावच्या मानपानात जागा नाही. साम्य मात्र येथेच थांबते, कारण अविवाहित म्हातारीची उपेक्षा ही फार तर अवहेलना होती, तर वेसकराची उपेक्षा ही अस्पृश्यता होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाला गुलामगिरीचे साधन मानले आणि ते बदलण्यासाठी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, यामागे हाच अनुभव होता. पुढे १९५८ च्या कायद्याने गावकीची कनिष्ठ वतने रद्द झाली. वेशीवरच्या त्या जाणकाराविषयी आज हळहळ व्यक्त करणाऱ्याने हे विसरता कामा नये की त्याचे ज्ञान त्याच्याकडून सक्तीने वसूल केले जात होते.

‘प्रत्येकाची चालचलणूक ठाऊक असणे’ या गोष्टीचा दुसरा धोका याहून मोठा ठरला. माणसांचे साचे ओळखून गुन्हेगार शोधणे ही मिस मार्पल यांची रीत एका सहृदय व्यक्तीच्या हाती आहे तोवर शोभते, पण तीच रीत राज्यसत्तेने उचलली तेव्हा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा जन्माला आला. त्या कायद्यान्वये संपूर्ण जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या, त्यांच्या नावांच्या नोंदी झाल्या, त्यांच्या हालचालींवर बंधने आली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड त्यांच्या वसाहती झाल्या. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्याच्या पालावर जाण्याची सवय त्याच्याबरोबर रद्द झाली नाही. एका माणसाच्या लबाडीवरून दुसऱ्याची ओळखणे हे सादृश्य झाले. एका माणसाच्या लबाडीवरून त्याच्या सर्व जातभाईंना लबाड ठरवणे हा मात्र अन्याय आहे.

स्वतंत्र महाराष्ट्राने या जुन्या व्यवस्थेतील वंशपरंपरा वगळली आणि उपयोग तेवढा ठेवला. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ या कायद्यान्वये नेमला जाणारा पोलीस पाटील हा गावातच राहणारा असतो आणि गावातील गुन्ह्यांची व संशयास्पद हालचालींची खबर पोलीस ठाण्याला देणे हे त्याचे काम असते. गावात अनैसर्गिक किंवा आकस्मिक मृत्यू झाल्यास शेजारपाजारच्या जाणत्या माणसांना एकत्र करून मृत्यूच्या कारणाची प्राथमिक चौकशी करण्याची तरतूदही या व्यवस्थेत आहे. आता स्त्रियाही या पदावर नेमल्या जातात. नेमणुकीला मात्र वयाची अट आहे आणि साठाव्या वर्षी पोलीस पाटील निवृत्त होतो, त्यामुळे ज्या वयात मिस मार्पल यांचा अनुभव परिपक्व होतो, त्या वयात सरकारी व्यवस्था गावच्या जाणकाराला घरी पाठवते.

मराठी रहस्यकथेने मात्र या गावाकडे फारसे पाहिले नाही. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे नायक प्रामुख्याने मुंबईचे, तरुण, धाडसी आणि वेषांतरात निष्णात होते. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांचे फिरोज इराणी आणि मंदार पटवर्धन हेही शहरी वेगाचे नायक आहेत. खेड्याचे नाव ज्याच्या ओळखीला कायमचे चिकटले असा मराठीतील सर्वांत लाडका हौशी शोधक म्हणजे भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, आणि तो शाळकरी मुलगा आहे. घराघरांतील आजी ही मराठी साहित्यात माया, व्रतवैकल्ये आणि गोष्टींचे भांडार म्हणून विपुल भेटते, परंतु तिच्या निरीक्षणाला बुद्धीचे काम म्हणून मान देणारी कथा विरळाच आढळते, ही उणीव मराठी रहस्यकथेच्या अभ्यासकांनी गंभीरपणे घ्यायला हवी. दिवाळी अंकांनी रहस्यकथेला वर्षानुवर्षे पाने दिली, पण त्या पानांवरचा पाठलाग बहुधा मोटारीतूनच झाला.

या सर्व चर्चेची कसोटी पाहण्यासाठी बदलापूर पश्चिमेतील बेलवलीसारखे ठिकाण योग्य आहे, कारण सेंट मेरी मीडच्या शेजारी १९६२ मध्ये उभी राहिलेली वसाहत येथे कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडली. एकेकाळी वेगळे गाव म्हणून ओळखले जाणारे बेलवली आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या शहरी पसाऱ्यात मिसळले आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवरच्या या शहराची लोकसंख्या जनगणनेनुसार २००१ मध्ये ९७,९४८ होती आणि २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. गिरगाव, लालबाग, डोंबिवली अशा ठिकाणी घर परवडेनासे झालेली कुटुंबे येथे आली. कमावती माणसे पहाटेच्या लोकलने जातात, रात्री परततात आणि शेजारच्या सदनिकेच्या दारावरचे नाव वाचण्यापुरतीच त्यांची शेजाऱ्याशी ओळख राहते. ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ मधील तक्रार येथे जशीच्या तशी लागू पडते : माणूस स्वतःविषयी जे सांगेल ते, आणि त्याच्या आधारकार्डावर जे छापले असेल ते.

वेशीची जागा आता गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाने घेतली आहे आणि वेसकराची जागा सुरक्षारक्षकाने. तो येणाऱ्याचे नाव, गाडीचा क्रमांक, सदनिकेचा क्रमांक आणि वेळ नोंदवहीत उतरवून घेतो, वर कॅमेराही असतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेशही पोलीस यंत्रणा वेळोवेळी काढते. एल्फिन्स्टनने सांगितलेल्या कर्तव्यांपैकी ये-जा नोंदवण्याचे कर्तव्य अशा प्रकारे पूर्वीपेक्षा अचूक पार पडते, परंतु माणसाची चालचलणूक ठाऊक असण्याचे कर्तव्य कोणाकडेच उरत नाही, कारण कंत्राटावरचा रक्षक स्वतःच काही महिन्यांत बदलतो. तरीही नव्या वस्तीत जाणकार नाहीत असे म्हणणे चुकीचे होईल. दिवसभर घरी असणारे आजी-आजोबा, पाळणाघर चालवणारी बाई, पोळी-भाजीचे डबे देणारी, आणि विशेषतः एकाच इमारतीतील चार-पाच घरी धुणीभांडी करणारी मावशी यांच्याकडे वस्तीचे बारकावे असतात. कोणत्या घरात दोन दिवस भांडी पडली नाहीत, कोणाकडे परका माणूस राहायला आला, कोणत्या सुनेच्या अंगावर वळ आहेत हे मावशीला ठाऊक असते. ज्यांना विचारण्याची पद्धत नाही त्यांच्याकडेच वस्तीचे ज्ञान असण्याची जुनी स्थिती येथे नव्या रूपात टिकून आहे.

या ज्ञानाला न्यायालयात किती किंमत आहे, हे कायद्याने नेमकेपणाने ठरवले आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो, म्हणजे पाहणाऱ्याने पाहिलेले आणि ऐकणाऱ्याने स्वतः ऐकलेलेच सांगावे लागते, त्यामुळे नळावरची कुजबूज पुरावा ठरत नाही आणि अमक्याचा स्वभाव तमक्यासारखा आहे हे मिस मार्पल यांचे आवडते अनुमान तर साक्षीच्या पिंजऱ्यात उभेच राहू शकत नाही. आरोपीने पोलिसापुढे दिलेली कबुलीही त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, त्यामुळे इंग्रजी कादंबरीच्या अखेरीस सर्वांसमोर गुन्हेगाराला बोलते करण्याचा प्रसंग येथे तपासाचा शेवट न होता फार तर त्याची सुरुवात ठरेल. मात्र मृत व्यक्ती आणि आरोपी यांना शेवटचे एकत्र कोणी पाहिले, कोणत्या वेळी आणि कोणत्या दारापाशी, ही साक्ष परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यांत साखळीतील मोलाची कडी ठरते आणि ती देणारा माणूस बहुधा शेजारीच असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही शेजाराची ही जागा कायम आहे. संशयास्पद मृत्यूचा पंचनामा करताना पोलीस अधिकाऱ्याने परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांना हजर ठेवावे लागते. प्रतिष्ठित कोणाला मानायचे हे कायदा सांगत नाही. इमारतीत सोसायटीचे सचिव, दुकानदार किंवा स्थानिक कार्यकर्ता पटकन समोर येतो आणि त्याच वेळी जिन्याच्या पायरीवर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मावशीला बाजूला व्हायला सांगितले जाते. दुसरी तरतूद अशी की साक्षीदार म्हणून कोणत्याही स्त्रीला, तसेच साठ वर्षांवरील पुरुषाला, राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. जुन्या संहितेत पुरुषांसाठी ही मर्यादा पासष्टची होती. बेलवलीतील एखाद्या आजीने किंवा घरकाम करणाऱ्या बाईने काही पाहिले असेल, तर तिला ठाण्याच्या बाकावर ताटकळत ठेवण्याची गरज नाही. तिची जबानी घेण्यासाठी अधिकाऱ्यालाच जिना चढून किंवा चाळीच्या बोळातून तिच्या दारी जावे लागते, आणि तिच्याकडून काय कळेल हे तो तिला किती वेळ देतो यावर बरेचसे अवलंबून राहते.