ट्रॉलीचा मागचा लाइट लागत नाही? बल्ब बदलण्याआधी हे तपासा



गाळप हंगामात मोरगाव-नीरा आणि मोरगाव-सुपे रस्त्याने रात्रीही उसाच्या ट्रॉल्या चालतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात तुमची ट्रॉली कळते ती लाल दिव्यावरूनच. तो बंद असेल तर जीव जाऊ शकतो, म्हणून आजचा मेसेज पिकाचा नाही, वायरिंगचा आहे.

लाइट गेला की आपण आधी बल्ब बदलतो, मग होल्डर, मग अख्खी वायरिंग. पैसे जातात आणि दोष तिथंच राहतो. काहीही विकत घेण्याआधी करंट कुठपर्यंत येतोय ते बघा.

*करंटची वाट:* बॅटरीचा प्लस → फ्यूज → स्विच → सॉकेट → बल्ब → अर्थ → बॅटरीचा मायनस. परतीची वाट तुटली तरी बल्ब लागत नाही. बऱ्याच ट्रॉल्यांना अर्थची वेगळी वायरच नसते, करंट हुकाच्या पिनेतून परत येतो. तिथं ग्रीस, गंज, माती आणि रंग असतो. खड्ड्यात लाइट जातो-येतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

*काय लागेल:* इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. झाला टेस्ट लॅम्प. नुसत्या मीटरवर जाऊ नका. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण बल्बचा लोड आला की ती वायर टिकत नाही.

*१) बॅटरी:* इथं मात्र मीटर चालेल. ट्रॅक्टर काही तास बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ यायला हवं. वाढतच नसेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर बघा.

*२) फ्यूज:* लाइट चालू ठेवा. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या मायनसला धरा, दुसरी फ्यूजच्या दोन्ही बाजूंना लावून बघा. एकाच बाजूला लागला तर फ्यूज गेलाय. तेवढ्याच अँपिअरचा बसवा. तांब्याची तार गुंडाळू नका, वायर तापते आणि आजूबाजूला पाचट असतं.

*३) ट्रॅक्टरचं सॉकेट:* लॅम्प टेल लाइटच्या पिनेत आणि अर्थच्या पिनेत लावा (सात पिनी सॉकेटात अर्थ ३ नंबरला, ३१ असं लिहिलेलं असतं). लख्ख लागला तर ट्रॅक्टर ठीक, दोष ट्रॉलीत. नाही लागला तर अर्थकडची वायर काढून थेट बॅटरीच्या मायनसला लावा. आता लागला तर सॉकेटचा अर्थ खराब. तरीही नाही तर प्लसची वायर किंवा स्विच बघा.

*४) ट्रॉली:* प्लग जोडा, लाइट चालू करा. बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर आणून दिव्याच्या अर्थला टेकवा. लाइट लागला म्हणजे बल्ब चांगला आहे, अर्थ खराब आहे.

*लक्षणावरून ओळखा:*
▪️ ब्रेक दाबला की टेल लाइट मंद होतो, किंवा इंडिकेटरबरोबर तोही लुकलुकतो: अर्थ
▪️ इंडिकेटर एका बाजूला जास्त भरभर लागतो: त्या बाजूचा बल्ब गेलाय
▪️ लाइट लावला की लगेच फ्यूज उडतो: प्लसची वायर घासून बॉडीला लागलीय

*कायमचा उपाय:* सॉकेटच्या अर्थ पिनेपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थची वेगळी वायर ओढा. दोन ट्रॉल्या जोडत असाल तर दुसरीपर्यंतही न्या. जोड नुसता पिळून टेप मारू नका, लग दाबून किंवा डाग देऊन पक्का करा.

⚠️ वायरिंगचं काम करताना बॅटरीचा मायनस आधी काढा. भरलेल्या ट्रॉलीखाली जाऊ नका. नव्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला कॉम्प्युटर आणि सेन्सर असतात, त्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका. ते काम कंपनीच्या मेकॅनिकचं.

दिवे दुरुस्त असले तरी मागचे लाल रिफ्लेक्टर हवेतच. मोळ्या बाहेर आल्यावर ते झाकले जात नाहीत ना, तेही बघा. रात्री निघण्याआधी एकाला ब्रेक दाबायला सांगा आणि तुम्ही स्वतः ट्रॉलीमागे वीस पावलांवर उभं राहून बघा. लाइट दिसला नाही तर सकाळीच निघा.

– आपला कृषी सल्लागार, मोरगाव