जाड आसाचं गणित

कॅलिफोर्नियातल्या खडकाळ रुबिकॉन ट्रेलसाठी जुनी जीप सीजे-७ (१९७६ ते १९८६) नव्याने बांधताना अनेकजण आधी मागचा आस बदलतात. मुळात यातल्या बहुतेक गाड्यांत चाकाचा हब आसाच्या दांड्यावर वेगळा बसवलेला. मोठे टायर लावून डिफरन्शियल लॉक केलं की कधी सगळा पीळ एकाच चाकावर येतो आणि हब दांड्यावरच फिरतो. म्हणून नवा आस एकसंध आणि जाड दांड्याचा घेतात: दांड्याची पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. १० टक्के जाड दांडा सुमारे ३३ टक्के मजबूत!

आसानंतर येतं सस्पेन्शन. ते बदलणं म्हणजे गाडी उंच करणं, हा गैरसमज. गुरुत्वमध्य वर गेला की ती कलंडायला सोपी. खरं काम चाकाला भरपूर खाली-वर होऊ देण्याचं. त्यासाठी ब्रेकची नळीही लांब हवी, नाहीतर चाक खाली लोंबताच ती तुटते.