ओली स्वच्छता आणि कोरडी स्वच्छता : आले व हळद यांच्या संवेष्टनासंबंधी एक विचार

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर (तालुका कोरेगाव) व त्याच्या आसमंतात आले आणि हळद ही दोन्ही पिके घेतली जातात. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ही दोन्ही एकाच कुलातील भावंडे होत. दोन्हींचा उपयुक्त भाग म्हणजे जमिनीखालील कंद. तथापि बाजारात जाताना त्यांचे मार्ग भिन्न होतात. आले बहुधा ताजे, धुऊन पाठविले जाते. हळद शिजवून, वाळवून व घासून कोरडी केली जाते. म्हणून जेथे हा माल भरला जातो ती जागा व तेथील साधने यांच्या स्वच्छतेचे नियमही भिन्न असावयास हवेत. ‘स्वच्छता म्हणजे भरपूर पाणी’ ही सर्वसाधारण समजूत येथे कितपत टिकते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आल्याचा विचार करू. आल्याबरोबर शेतातील माती येते, आणि मातीबरोबर कंदकूज घडविणारी पिथियम वर्गातील सूक्ष्मजीवबीजे येऊ शकतात. एका शेतातील आले वाहून आणलेले क्रेट न धुता दुसऱ्या शेतात गेले, तर रोगालाही वाहन मिळते. सबब क्रेट, हौद व निवडीची टेबले धुणे अपरिहार्य होय. मात्र त्यास क्रम आहे : आधी माती खरवडून काढणे, मग साबणद्रावाने घासणे, नंतर स्वच्छ पाण्याने खळबळणे, आणि सर्वांत शेवटी जंतुनाशक. हा क्रम उलटा केल्यास श्रम वाया जातात. कारण क्लोरीन मातीतील सेंद्रिय द्रव्याशी संयोग पावून जंतूंपर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडतो. पाण्याचा सामू साडेसातच्या वर गेल्यासही त्याची शक्ती झपाट्याने घटते. ३३ टक्के क्लोरीन असलेली सुमारे ३० ग्रॅम विरंजक चूर्ण १०० लिटर पाण्यात घातल्यास दशलक्ष भागांस १०० भाग इतकी तीव्रता मिळते. परंतु उघड्या डब्यात जुनी झालेली भुकटी हा हिशेब खोटा ठरविते.

आता हळदीकडे वळू. वाळलेल्या हळदीत सामान्यतः दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा राखला जातो. इतक्या कोरड्या मालावर बुरशी वाढू शकत नाही. परंतु चाळणीच्या सांध्यात किंवा भरणयंत्राच्या नरसाळ्यात साचलेल्या भुकटीवर पाणी पडले, की तेथे चिकट लगदा होतो. तो वरून सुकला तरी आत ओला राहतो, आणि अफ्लाटॉक्सिन निर्माण करणाऱ्या बुरशीस नेमकी तशीच जागा लागते. साल्मोनेला जंतू तर कोरड्या भुकटीत वाढत नसले तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. १९९३ साली जर्मनीत मिरचीपुडीसारख्या पाप्रिका मसाल्याने दूषित झालेल्या बटाट्याच्या काचऱ्यांमुळे सुमारे एक हजार व्यक्तींना, विशेषतः बालकांना, बाधा झाली होती. ‘कोरडा माल म्हणजे निर्धोक माल’ हा समज त्या घटनेने दूर केला.

म्हणून हळदीच्या जागेत कुंचा, खरवडणी व धूळ ओढून घेणारे यंत्र हीच मुख्य साधने होत. वरच्या तुळयांपासून आरंभ करून जमिनीपर्यंत उतरावे. जोराच्या हवेने धूळ उडवू नये. ती केवळ जागा बदलते. एखादा भाग धुणे अगदीच आवश्यक असेल तर तो सुटा करून अन्यत्र धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवावा. पावसाळ्यात या दक्षतेचे महत्त्व अधिकच वाढते.

एकाच छपराखाली ऋतुमानानुसार दोन्ही माल हाताळावयाचे झाल्यास खरी कसोटी लागते. आल्यानंतर हळद घ्यावयाची असेल, तर धुणे व भरणे यांच्यामध्ये वाळवणीसाठी स्वतंत्र वेळ राखला पाहिजे, आणि दोहोंचे कुंचे वेगळे असले पाहिजेत. व्यवहारात नेमकी हीच वेळ प्रथम कापली जाते. कारण सफाई हे काम संपल्यानंतरचे काम समजले जाते, आणि ते दिवसभराच्या श्रमाने थकलेल्या मजुरांवर येऊन पडते. वस्तुतः ती पुढील मालाची पहिली प्रक्रिया आहे. तिची वेळ व मजुरी मालाच्या खर्चात धरली गेली, तरच वरील नियम कागदावरून जमिनीवर उतरतील.