फिरत्या एंजिनाला टर्बोची जोड

नागपुराहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता भंडाऱ्यापाशीं वैनगंगा ओलांडतो. त्या रस्त्यानें रात्रंदिवस धांवणाऱ्या मालमोटारींचा आवाज लक्ष देऊन ऐकला, तर एंजिनाच्या घरघरीवर कधीं कधीं एक बारीक शीळ ऐकूं येते. ती शीळ टर्बोची. एंजिनांतून बाहेर पडणारा जळका वायु व्यर्थ न दवडतां त्याच्या वेगानें एक चक्र फिरवावयाचें, त्याच आंसावरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून एंजिनांत भरावयाची, आणि जास्त हवेबरोबर जास्त इंधन जाळून जास्त शक्ति मिळवावयाची, अशी ही युक्ति आहे. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें.

मालमोटारीच्या डिझेल एंजिनाला हा भार सोसतो, कारण तें त्याच हिशेबानें बांधलेलें असतें. परंतु वेगाची हौस असलेले कांहीं लोक रोटरी एंजिनाच्या मोटारीलाही बाजारांतून विकत घेतलेल्या मॅनिफोल्डावर मोठा टर्बो चढवितात. मॅनिफोल्ड म्हणजे एंजिनाच्या तोंडांतून जळका वायु गोळा करून टर्बोपर्यंत नेणारी नळी. काम दिसावयास चार बोल्ट आवळण्याचें. वस्तुतः तें बरेंच नाजूक आहे.

जर्मनीचे फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरील पहिलें रोटरी एंजिन १९५७ सालीं चालूं झालें. जपानच्या माझ्दा कंपनीनें १९६७ पासून तें आपल्या मोटारींत बसविलें. त्यांत वरखालीं होणारा दट्ट्या नसतो. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर मध्यें किंचित् दबलेल्या लंबगोल घरांत फिरतो आणि त्याच्या भोंवतालच्या पोकळ्या लहानमोठ्या होत जातात. या पोकळ्या एकमेकींपासून अलग राखण्याचें काम रोटरच्या तीन कोपऱ्यांवरील बारीक पट्ट्या करतात. सारें एंजिन या पट्ट्यांच्या भरंवशावर उभें असतें. १९९१ सालीं आलेल्या तिसऱ्या पिढीच्या 'आरएक्स-७' मोटारींत ६५४ घन सेंटिमीटरचे दोन रोटर होते, व कारखान्यानेंच तिला दोन टर्बो दिले होते.

या मोटारींत जळका वायु अडविण्यास झडप नसते. रोटरचा कोपरा पुढें सरकतांच भिंतींतील भोंक एकदम उघडतें आणि पूर्ण भारावर ९०० अंश सेंटिग्रेडच्याही वर तापलेला झोत धक्क्यानें बाहेर पडतो. दोन रोटरांचे धक्के एकमेकांत मिसळून क्षीण होऊं नयेत, म्हणून चांगल्या मॅनिफोल्डांत दोघांचे मार्ग टर्बोच्या तोंडापर्यंत वेगळे ठेवतात.

उष्णतेचा दुसरा उपद्रव प्रसरणाचा. बेदाग पोलादाची ३० सेंटिमीटर लांबीची नळी ८०० अंशांनीं तापली कीं चार मिलिमीटरांहून अधिक वाढते. उलट ती जेथें आवळलेली असते तो एंजिनाचा भाग पाण्यानें थंड राखलेला असतो. एक बाजू तापली व दुसरी थंड राहिली कीं जोड तडकतो, हें पितळी भांड्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्याच्या कारागिरास सांगावयास नको. त्यांत टर्बोचें वजन नळीवर लोंबत राहिलें, तर सांधा लवकरच उलतो. म्हणून जाणता कारागीर टर्बोला स्वतंत्र आधार देतो, दोन्ही पृष्ठभाग सपाट आहेत कीं नाहींत हें पट्टी लावून पाहतो, नवें गॅस्केट घालतो, आणि बोल्ट आधीं हातानें बसवून मग सर्व सारख्या क्रमानें थोडे थोडे आवळतो. टर्बोचा आंस मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेत तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेव्हां तेल परत नेणारी नळी सरळ उतरती हवी.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. जादा वायु टर्बोला वळसा घालून बाहेर सोडणारी एक झडप असते. तिला वेस्टगेट म्हणतात. तिचें तोंड अपुरें असलें किंवा तिची शाखा अवघड कोनांत काढलेली असली, तर वायु तिकडे वळत नाहीं व हवेचा दाब ताब्याबाहेर चढतो. हवा वाढली आणि इंधन तितकेंच राहिलें, कीं मिश्रण अवेळीं भडकतें. त्या स्फोटानें पट्ट्या कांहीं क्षणांत मोडतात. त्यांचे तुकडे घराची भिंत खरवडून बाहेर पडतांना टर्बोचींही पातीं तोडतात. यास्तव इंधन, ठिणगी व थंडावा यांची तरतूद आधीं, आणि मॅनिफोल्ड शेवटीं, हाच योग्य क्रम होय.

कायद्याचाही विचार करावयास हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही त्याचा निर्वाळा दिला. तेव्हां असले प्रयोग शर्यतीच्या बंद मार्गावरच शोभतात.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हा संसाराचा नियम यंत्रालाही लागू आहे. टर्बो फुकट जाणाऱ्या वायूंतून शक्ति काढतो हें खरें; परंतु त्या शक्तीचें मोल एंजिनाच्या प्रत्येक सांध्याला द्यावें लागतें, आणि तें देण्याची तयारी आधींच करून ठेवणें यांतच कारागिराचें शहाणपण आहे.