वाळूतलं तेल आणि पाचवा अटेम्प्ट

गेल्या महिन्यात गावी एका सत्काराला गेलो होतो. गावातली मुलगी अधिकारी झाली होती. एसटी स्टँडपासून देवळापर्यंत तिचेच फ्लेक्स. फेटा झाला, शाल-श्रीफळ झालं, अध्यक्ष बोलायला उठले आणि चौथ्याच वाक्याला त्यांनी वाळूतून तेल काढलं. माझ्या शेजारी भाचा बसला होता. यूपीएससीचे चार अटेम्प्ट झालेले, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, अभ्यासिकेच्या टेबलाचं भाडं अजून घरून मागवणारा. अध्यक्षांनी नेमकं त्याच्याकडे पाहून सांगितलं, "सोडायचं नाही! चिकाटी असली की यश मिळतंच." टाळ्या पडल्या. भाचा फोनमध्ये डोकं घालून बसला.

या 'मिळतंच'मधल्या 'च'शी माझं भांडण आहे.

गैरसमज : चिकाटी असली की यश मिळतंच.

आधी त्या वाळूचं बघू. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' ही शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिली जाणारी ओळ मुळात सुविचार नाहीच. भर्तृहरीच्या 'नीतिशतका'तल्या एका श्लोकाचं वामन पंडितांनी सतराव्या शतकात मराठी केलं, त्यातली ती आहे. श्लोक चार चरणांचा. आपण पहिला चरण उचलला आणि उरलेले तीन सोडून दिले. त्या तिघांत काय आहे? मृगजळ पिऊन एखाद्याची तहानही भागेल, रानात हिंडून सशाचं शिंगही मिळेल, पण मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही. म्हणजे वाळूतलं तेल ही अशक्य गोष्टींच्या यादीतली पहिली नोंद आहे. काही ठिकाणी कितीही रगडलं तरी उपयोग नसतो, असं बजावणारा श्लोक आपण पिढ्यान्‌पिढ्या उलट्या अर्थानं मुलांच्या डोक्यावर मारतो आहोत.

आता आकडे. यूपीएससीची २०२२ची नागरी सेवा परीक्षा घ्या, आकडे सरकारनंच प्रसिद्ध केलेले आहेत. अर्ज आले ११,३५,६९७. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,७३,७३५. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १३,०९०, मुलाखतीपर्यंत पोचले २,५२९ आणि शेवटच्या यादीत नावं आली ९३३. भागाकार करा. परीक्षेला बसलेल्या दर ६१५ जणांमागे एक. उरलेले ६१४ सगळे आळशी होते? त्यांतल्या कितीतरी जणांनी यादीतल्या मुलांइतकीच रात्रीची जागरणं केली असणार. पण जागाच तेवढ्या होत्या. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला असता, तरी यादीत नावं ९३३च आली असती. वाढला असता तो फक्त कट-ऑफ.

तरी आपल्याला ते ६१४ दिसत नाहीत, कारण त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत. ज्याला मिळालं तो स्टेजवर येऊन "मी सोडलं नाही" म्हणतो, आणि ते खरंच असतं. पण ज्याला मिळालं नाही त्यानंही सोडलेलं नसतं. त्याच्या हातात माइक कोण देणार?

आणि खुद्द आयोगानं चिकाटीला मर्यादा घातली आहे, याचं काय? खुल्या गटाला ६ प्रयत्न आणि ३२ वर्षं वय, ओबीसींना ९ प्रयत्न आणि ३५ वर्षं. अनुसूचित जाती-जमातींना प्रयत्नांची अट नाही, पण ३७ वर्षांची आहे. परीक्षा घेणारे थांबा म्हणतात. सत्काराला येणारे मात्र थांबू नका म्हणतात.

मग चिकाटीला काहीच अर्थ नाही का? आहे, भरपूर आहे. फक्त तिचा अर्थ 'पुन्हा बसणं' एवढाच नाही. २०१९ साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. त्यात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी संशोधनाच्या निधीसाठी केलेले पावणेआठ लाखांहून जास्त अर्ज तपासले होते. अपयशानंतर पुढे यशस्वी झालेले आणि न झालेले यांच्यातला फरक नुसत्या कष्टांचा नव्हता. पहिल्या गटातले लोक आधीच्या प्रयत्नातलं जे चांगलं होतं ते ठेवत, जिथे अडलं तेवढंच दुरुस्त करत आणि पुढचा प्रयत्न लवकर करत. दुसऱ्या गटातले दर वेळी पाटी पुसून पहिल्यापासून सुरू करत.

हे वाचलं तेव्हा मला भाच्याच्या कॉटखालची पत्र्याची ट्रंक आठवली. तिच्यात इतिहासाच्या नोट्सचे तीन संच आहेत, तिन्ही त्याच्याच अक्षरातले. दर अटेम्प्टला क्लास नवा, पुस्तकांची यादी नवी. वैकल्पिक विषयसुद्धा एकदा बदलून झाला. आणि चारपैकी दोनदा तो अडला कशात? पूर्वपरीक्षेतल्या सीसॅटमध्ये! ज्या पेपरात ३३ टक्के मिळाले की पुरे, त्यात. त्या पेपरातल्या गणिताला हात लावायचा सोडून त्यानं तिसऱ्यांदा सिंधू संस्कृतीपासून सुरुवात केली. कष्ट कमी पडले असं कोण म्हणेल? आम्ही घरचेही त्या ट्रंकेकडे बघून "पोरगं चिकाटीचं आहे हो" म्हणत होतो.

गैरसमज : मध्येच सोडतो तो पळपुटा. कार्स्टन व्रॉश आणि ग्रेगरी मिलर या मानसशास्त्रज्ञांच्या २००७च्या अभ्यासात किशोरवयीन मुलींचा वर्षभर मागोवा घेतला होता. आवाक्याबाहेरचं ध्येय ज्यांना सोडता येत होतं, त्यांच्या रक्तात सीआरपी, म्हणजे शरीरातल्या दाहाची खूण, इतर मुलींपेक्षा कमी वाढलेली आढळली. व्रॉश यांच्या आधीच्या अभ्यासांत याची दुसरी बाजूही आहे. एक सोडून दुसरं धरता येणं महत्त्वाचं. नुसतं सोडून घरी बसणं वेगळं.

बाकीचे किरकोळ गैरसमज झटपट उरकतो.

२१ दिवसांत सवय लागते. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून आला. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान इतके दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात मधला आकडा आला ६६ दिवस, आणि पल्ला १८ ते २५४. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

१०,००० तास घातले की कुणीही निष्णात. बर्लिनच्या उत्तम व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांची विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती. तिचा नियम केला लेखक माल्कम ग्लॅडवेलनं, २००८मध्ये. मूळ संशोधक अँडर्स एरिक्सन यांनीच त्यावर आक्षेप घेतला होता.

लहानपणी गोळीचा मोह आवरला, की पुढे यश पक्कं. मुलांपुढे गोळी ठेवून थांबायला सांगणारा प्रसिद्ध मार्शमेलो प्रयोग २०१८मध्ये ९००हून जास्त मुलांच्या माहितीवर पुन्हा पडताळला गेला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर मोह आवरण्याचं वजन बरंच घटलं.

कमी झोपतो तो जास्त शिकतो. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. पुढचं तुम्हीच ठरवा.

सत्काराहून परतताना एसटीत भाचा म्हणाला, "मामा, पाचवा देतोय. पण या वेळी फक्त सीसॅट आणि उत्तरलेखन. नोट्स त्याच. आणि सोबत दुसऱ्या दोन परीक्षांचे फॉर्म भरलेत." अभ्यासिकेतल्या नव्या मुलांना तो रविवारी राज्यघटना शिकवतो, हेही तेव्हाच कळलं. कलमं त्याला तोंडपाठ आहेत आणि समजावण्याची हातोटी आहे. चार वर्षांत त्यानं हे मिळवलं आणि त्याचा सत्कार कुणी करणार नाही. पाचव्याचं काय होईल ते मला माहीत नाही, त्यालाही नाही.

तुम्हाला एवढंच सुचवतो. पुढच्या सत्काराला अध्यक्षांनी वाळू रगडायला घेतली, तर हात वर करा आणि उरलेले तीन चरण म्हणायला सांगा.