द्राक्षांच्या पैशातला वाडा झाला नगरपालिका



लागण, खोडवा, बेणे आणि पाणी यांवर आम्ही नेहमीच लिहितो. या वेळी जरा बांधापलीकडे जाऊ. फ्रान्स देशात एपर्ने नावाचे एक लहानसे शहर आहे. तिथली नगरपालिका ज्या इमारतीत भरते, तो पूर्वी मद्याच्या व्यापारातील एका बड्या घराण्याचा वाडा होता. त्याची हकिकत ऊस पिकवणाऱ्याने ऐकावी अशीच आहे.

एपर्ने हे पॅरिसच्या पूर्वेला, मार्न नदीच्या काठी. भोवताली टेकड्यांच्या उतारावर द्राक्षबागा. शॅम्पेन नावाचे फेसाळ मद्य होते ते याच भागात. त्याचा फेस येतो साखरेतून! आधी तयार झालेल्या मद्यात लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर, उसाची किंवा बीटाची, आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. मग ते बाटलीतच पुन्हा आंबते.

इथला मोठा व्यापार मोएत घराण्याचा. त्यांची पेढी १७४३ सालची. याच घराण्याच्या नात्यातील ओबाँ-मोएत कुटुंबाने १८५८ साली हा वाडा बांधून घेतला. वास्तुशिल्पी व्हिक्टर लनवार. पॅरिसचे माँपार्नास हे जुने रेल्वे स्टेशन बांधण्यातही त्यांचा हात होता. वाड्याची बाग आखली ब्यूलर बंधूंनी. लियों शहरातील प्रसिद्ध सार्वजनिक उद्यानही त्यांचेच काम. उंच खिडक्या, प्रशस्त दालने आणि सभोवार झाडी असा सारा सरंजामी थाट. या रस्त्यावर अशीच बड्या पेढ्यांची घरे रांगेने उभी आहेत. पूर्वी याला व्यापार रस्ता म्हणत, आता शॅम्पेन मार्ग म्हणतात.

पण खरी दौलत वर दिसत नाही, ती जमिनीखाली आहे. इथला खडक खडूसारखा मऊ. तो कोरून शहराखाली १०० किलोमीटरहून अधिक लांबीची भुयारी तळघरे केली आहेत. आत उन्हाळा असो की हिवाळा, १० ते १२ अंशांचा गारवा. तिथे कोट्यवधी बाटल्या वर्षानुवर्षे मुरत पडतात.

आता मुद्द्यावर येऊ. बागा बहुतांशी लहान शेतकऱ्यांच्या, तळघरे आणि बाजार मात्र पेढ्यांचे. तोडलेले द्राक्ष लगेच दाबावे लागते, ते घरात ठेवून चालत नाही. तोडलेला ऊस फडात वाळू लागला की जिवाची घालमेल कशी होते, हे आपल्याला सांगायला नको. माल नाशवंत आणि घेणारे मोजके, मग भाव कोण ठरवणार?

१९१० साली पीक जवळजवळ बुडाले. त्यात पेढ्या बाहेरच्या प्रांतातून स्वस्त द्राक्षे व मद्य आणून ‘शॅम्पेन’ म्हणून विकतात, असा शेतकऱ्यांचा आरोप होता. जानेवारी १९११ मध्ये दामरी आणि ओव्हिलेर या गावांत त्यांनी व्यापाऱ्यांचा माल फोडून ओतून दिला. एप्रिलमध्ये जमाव एपर्नेकडे निघाला, पण घोडदळाने वाट अडवली. तो वळला जवळच्या आयी गावाकडे आणि तिथे व्यापाऱ्यांची घरे व तळघरे जळाली. नासधूस वाईटच, तिचे समर्थन आम्ही करीत नाही. पण दराचे गाऱ्हाणे ऐकणारी जागाच नसली की काय होते, ते यात दिसते.

त्याच वर्षी गावागणिक प्रतवारी ठरली. सर्वोत्तम गावांच्या द्राक्षांना ठरल्या दराचे १०० टक्के, इतरांना प्रतीप्रमाणे कमी. १९४१ साली शेतकरी आणि पेढ्या यांची संयुक्त समिती झाली. हेक्टरी किती माल घ्यायचा, हे आजही तिथेच ठरते. शेतकऱ्यांनी सहकारी संस्थाही उभ्या केल्या.

आणि तो वाडा? पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली तो शहराने घेतला आणि १९२० पासून तिथे नगरपालिका भरू लागली. फ्रान्समध्ये कायदेशीर लग्न नगरपालिकेतच लागते. त्यामुळे जिथे एकेकाळी पेढीचे पाहुणेच जायचे, तिथे आज बागेत राबणाऱ्या मजुराची लेकही नवरी म्हणून पायऱ्या चढते. बाग सर्वांना खुली आहे. २०१५ साली हा रस्ता, तळघरे आणि आसपासच्या काही द्राक्षबागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या.

वाडा लोकांचा व्हायला तिथे साठ वर्षे लागली. आपल्याकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी इमारत मागाहून मिळवली नाही, चिमणीच सभासदांच्या भागभांडवलावर उभी केली. १९५० साली तो कारखाना सुरू झाला आणि आपण सारे त्याच वाटेने आलो.

पण कागदावरची मालकी आपोआप टिकत नाही. ती वजनकाट्याच्या पावतीत, ऊस नोंदीत आणि वार्षिक सभेत टिकते. तेव्हा सभेची नोटीस आली की अहवाल नुसता घडी घालून खिशात ठेवू नका. ताळेबंद वाचा, शेजाऱ्याला वाचून दाखवा, आणि पटले नाही तर उभे राहून विचारा. मालकाने आपल्या घरात विचारायला कसली भीड?